सांधा दिसला नाही

१२ जानेवारी

प्रिय घुमे,

फोनवर तू "हं" आणि "बघू" यांच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी तुला अर्धं पान भरावं लागेल. शाळेत बाईंनी आपल्याला एका बाकावर बसवून एकीचं नाव टकळी आणि दुसरीचं घुमी ठेवलं, त्याला पंचावन्न वर्षं झाली. माझी टकळी थांबली नाही आणि तुझं तोंड उघडलं नाही.

हे गेल्यापासून रविवारची दुपार मला खायला उठते. मुलगा आणि सून आठवडाभर राबतात, रविवारी झोपतात, त्यांना उठवणं पाप. मग सुनेनेच मला एक उद्योग लावून दिला. एका चित्रपट संग्रहालयाने म्हणे जुने सिनेमे इंटरनेटवर फुकट ठेवलेत. गाजलेले नाहीत हं. पडलेले, चार दिवसांत उतरवलेले, ज्यांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही असे. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं, आजवर किती जणांनी पाहिला. मी परवा लावला त्याखाली अकरा होते. मी बारावी.

लिफ्ट चालवणाऱ्या माणसाचा सिनेमा. दोन तास लिफ्टच्या बाहेर जात नाही, आणि तरी एकदाही जांभई आली नाही. सगळ्यांचे मजले त्याला पाठ, पण तो कुठे राहतो हे त्या इमारतीत कुणाला ठाऊक नाही. शेवटी लिफ्ट बंद पडते आणि तो जिन्याने चढायला लागतो, इतकंच होतं. त्याला धाप लागली आणि इकडे मला हुंदका.

इतकं चांगलं काम करून ठेवलंय कुणीतरी, आणि बघणारे बारा. मला ते सहन होईना. तर ऐक. दर रविवारी दुपारी तीन वाजता तू तिकडे, मी इकडे, एकच सिनेमा लावायचा. सोमवारी पत्र टाकायचं. अट एकच, ज्याला कुणी वाली नाही असाच सिनेमा. तू सात वर्षं त्या सिनेमाच्या कारखान्यात काढलीस आणि मला त्यातलं अक्षर सांगितलं नाहीस. आता तरी त्या विद्येचा मला उपयोग होऊ दे.

नाही म्हणू नकोस. "बघू" तर अजिबात म्हणू नकोस.

तुझी न थांबणारी,
टकळी

२१ जानेवारी

प्रिय टकळे,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या पाच चुका आहेत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, डोळा तिथेच जातो, राग मानू नकोस.

रविवारी लिफ्टवाला पाहिला. तू म्हणतेस तसा चांगला आहे. एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. लिफ्टचं दार प्रत्येक वेळी वेगळं वाजतं. सकाळी हलकं, संध्याकाळी जड, आणि त्याला घरून बोलावणं येतं त्या दिवशी दार लागल्याचा आवाजच नाही. दार तेच आहे. कुणीतरी टेबलाशी बसून तो एकेक आवाज शोधून लावला असणार. पाट्यांमध्ये त्या माणसाचं नाव आहे का ते पाहायला मी शेवटपर्यंत थांबले. नाही.

म्हणून मी तयार आहे. तीन वाजता. त्या वेळी मला फोन करू नकोस.

घुमी

२४ फेब्रुवारी

प्रिय घुमे,

तुझी पत्रं मी जपून ठेवते आहे. अर्ध्या पानाची का असेनात. दाराचं वाचून मी लिफ्टवाला पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला, आणि तू म्हणालीस तसंच निघालं. प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजल्या, मला वाटायचं बघणं म्हणजे काय ते मला कळतं. तुझ्यापुढे मी आंधळी. नकाशे काढणाऱ्या दोन भावांच्या सिनेमात थोरल्याचा चष्मा मधेच बदलतो हे तुला दिसलं. बंद पडायला आलेल्या दवाखान्यातली ती नर्स रिकाम्या खाटांवरच्या चादरी बदलते, तिथे एकही तुकडा लांबलेला नाही असं तू लिहिलंस. लांबणं म्हणजे काय हेच मला तुझ्यामुळे कळायला लागलंय.

पण या रविवारचा सिनेमा, घुमे. त्याच्याबद्दल तुझं पत्र येण्याआधीच मी लिहायला बसले आहे, दम निघत नाही.

नदीवरच्या धक्क्याला तिकीटघर, तिकिटं देणारी ती चाळिशीची बाई. दिवसभर लोकांना पलीकडे पाठवते आणि स्वतः कधी बोटीत पाय ठेवत नाही. धाकट्या भावाला तिनेच वाढवलंय. तो एके दिवशी खिडकीशी येतो आणि आपण कायमचे चाललो आहोत हे सांगतो. आणि सिनेमात तो दिसतच नाही. नुसता आवाज येतो. समोर फक्त ती. तिकिटांचे गठ्ठे सारखे करते, एकदा वर बघते, पुन्हा खाली, एकदा उगाच छताकडे बघते. तो किती मोठमोठं बोलतोय, आणि तिच्या चेहऱ्यावर हललं म्हणावं असं काहीच नाही, तरी मी खुर्चीचा हात धरून बसले होते. यांच्या आजाराचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी अशीच छताकडे बघत होते. हे कुणाला ठाऊक होतं? ज्याने हा प्रसंग असा ठेवला त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला.

खाली आकडा सात होता. सात माणसं.

आणि संकलनाच्या पाटीवर तुझ्या मास्तरांचं नाव, तुझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं. तू होतीस का तेव्हा त्यांच्या हाताखाली? सगळं सांग.

टकळी

१ मार्च

प्रिय टकळे,

सिनेमा मी पाहिला नाही. पूर्वी पाहिलेला आहे. संथ आहे आणि मध्यंतरानंतर मोडलेला आहे. ज्या प्रसंगाचं तू एवढं लिहिलंस तो मुळात तसा नव्हता, त्यामुळे त्यात कुणाच्या पाया पडण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी दुसरा काहीतरी निवड. घड्याळजीचा एक आहे यादीत.

घुमी

६ मार्च

प्रिय घुमे,

आता पकडलं तुला. महिनाभर तू मला रिकाम्या खाटांवरच्या चादरी दाखवल्यास, आणि या सिनेमाला "मोडलेला" म्हणून मोकळी झालीस? तीनच ओळी, आणि त्याही घाईत खरडलेल्या. अक्षर ओळखते मी तुझं.

मी सिनेमा पुन्हा पाहिला. दिग्दर्शकाचं नाव नीट वाचून ठेवलं. मग सुनेला सांगून त्यांचा जुना फोटो शोधून काढला. देखणे होते की गं. उंच, खांद्यावर शाल नाही की काही नाही, बाह्या दुमडलेल्या. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या वर्षीच तू नोकरी सोडलीस, गावी आलीस, आणि आईने आणलेली तीन स्थळं न बघता परत पाठवलीस. मी तेव्हाच म्हणाले होते, हिचं मन कुठेतरी अडकलंय. एवढी वर्षं माझ्यापासून लपवलंस. त्यांनी फसवलं, की तूच बोलली नाहीस? तुझा स्वभाव बघता दुसरंच असेल.

सांग आता. या वयात कसली लाज.

टकळी

१९ एप्रिल

घुमे,

सहा आठवडे झाले. माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, फोन तू उचलत नाहीस. छापखान्यात चौकशी केली तेव्हा कळलं की तू रोज येतेस, ठणठणीत आहेस. म्हणजे आजारी नाहीस, रागावली आहेस.

मी चेष्टा केली ती चुकीच्या जागी केली. सुनेला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला कुणी असं विचारलं असतं तर?"

मला काही सांगू नकोस. कधीच सांगू नकोस. फक्त रविवारी तीन वाजता सिनेमा लाव. मी एकटीने चार पाहिले. चांगले होते, पण कुणाला सांगायचं? बघून झाल्यावर पडद्यासमोर तशीच बसून राहते.

टकळी

२७ एप्रिल

प्रिय टकळे,

राग नव्हता. लिहायला बसायचे आणि फाडायचे. आज फाडणार नाही.

प्रेमबीम काही नव्हतं. त्या माणसाशी माझं सात वर्षांत पंचवीस वाक्यं बोलणं झालं असेल. तो सिनेमा मी कापला. मास्तरांनी नाही, मी.

मास्तरांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. बाहेर कुणाला कळू नये म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचे. ते खुर्चीत बसायचे आणि मी कापायचे. कागदोपत्री नाव त्यांचं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, शिकवलं त्यांनीच होतं सगळं.

सिनेमा तयार झाला तो लांब होता. निर्मात्याने थिएटर ठरवून ठेवलेलं. पाच दिवस उरले असताना तो आला आणि म्हणाला, बावीस मिनिटं काढा, नाहीतर लागणार नाही. दिग्दर्शक तिथे नव्हते. त्यांची थोरली बहीण शेवटच्या घटका मोजत होती, ते तिच्या उशाशी होते. त्या गावाला फोनही धड लागत नसे. मास्तर म्हणाले, "पोरी, तू कर. मी जबाबदारी घेतो." जबाबदारी ते काय घेणार होते, त्यांना पेला धरता येत नव्हता.

चार दिवस मी कापत होते. सोळा मिनिटं इकडून तिकडून निघाली. सहा उरली. भावाचं ते भाषण नऊ मिनिटांचं होतं, सिनेमातला सगळ्यात नावाजलेला नट ते बोलत होता, आणि दिग्दर्शकांनी ते स्वतः लिहिलं होतं. घर सोडताना आपल्या बहिणीला जे सांगितलं तेच त्यांनी त्यात घातलंय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी त्यातली सहा मिनिटं काढली. जी तीन ठेवली त्यावरून नटाचा चेहराही काढला.

तू ज्या चेहऱ्यासाठी खुर्चीचा हात धरलास, तो काही ऐकत नाहीये, टकळे. त्या दिवशी एक दिवा गेला होता. तो बदलेपर्यंत कॅमेरा चुकून चालूच राहिला. ती नटी नुसती वाट बघत बसली होती. गठ्ठे चाळा म्हणून सारखे करत होती. छताकडे बघते ती दिवा बदलणाऱ्याकडे. तो टाकाऊ तुकडा होता. मी तो उचलला आणि भाषणाखाली लावला.

सिनेमा लागला त्या सकाळी दिग्दर्शक थेट स्टेशनवरून आमच्या खोलीत आले. बहीण आदल्या दिवशी गेली होती. कापाकापीचं निर्मात्याने त्यांना स्टेशनवरच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "भाषण कुठे आहे?" मी टोपलीकडे बोट दाखवलं. छाटलेले तुकडे आम्ही कापडी टोपलीत सोडायचो. त्यांनी ती टोपली उचलली आणि घेऊन गेले. एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी आज विसरले असते.

सिनेमा चार दिवस चालला. मी महिन्याभरात नोकरी सोडली. त्यांनी पुढे सिनेमा केला नाही. तुझ्याच शहरात कुठल्याशा संस्थेत शिकवायला लागले असं कानावर आलं होतं. त्यानंतर मी कधी कात्रीने काही कापलं नाही. दुसऱ्याच्या मजकुरात नुसत्या खुणा करायच्या आणि कापायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, असं काम शोधलं.

हे एवढंच होतं. आता तुला कळलं की मी त्याला मोडलेला का म्हणते. मी मोडला.

घुमी

४ मे

प्रिय घुमे,

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्या घरी येऊन तुझ्याशेजारी बसावं आणि एकदाच तोंड बंद ठेवावं असं वाटलं.

मी तुला तू चूक नव्हतीस असं सांगणार नाही. मी तिथे नव्हते, आणि मला त्यातलं कळतही नाही. मला जे कळतं तेवढं सांगते. प्रयोगशाळेत आमच्याकडे नमुना यायचा तेव्हा त्यावर रोग्याचं नाव नसायचं, नुसता क्रमांक. आपण काचेखाली जे दिसतं ते लिहायचं. मी तो सिनेमा तसा पाहिला. तू कापलास हे मला ठाऊक नव्हतं. दिवा गेला होता हेही ठाऊक नव्हतं. मला एक बाई दिसली, जिला कुणीतरी सोडून चाललंय. आता दिव्याचं कळल्यावर पुन्हा लावून पाहिला. तरी तीच दिसली.

हे मी मैत्रीण म्हणून लिहीत नाहीये. चौतीस वर्षं ज्या हाताने अहवाल लिहिले त्याच हाताने लिहिते आहे.

पुढचे दोन रविवार मला जमणार नाही. वाचनालयात थोडं काम आहे.

टकळी

२५ मे

प्रिय घुमे,

आधी कबुली देते, मग रागव. वाचनालयातलं काम म्हणजे मी दिग्दर्शकांना शोधत होते.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतात. ग्रंथपालबाईंना मी गळ घातली की तिकीटघराचा लावा. नाव ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, ते तर रोज सकाळी इथे वर्तमानपत्र वाचायला येतात. खिडकीजवळची खुर्ची." चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कानाला यंत्र. बाह्या अजून दुमडलेल्याच.

दोन दिवस मी लांबून नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "तिकीटघरातल्या बाईचा सिनेमा तुमचा ना?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तो पाहिलेलं माणूस मला वीस वर्षांत भेटलं नाही."

"मी पाच वेळा पाहिला."

"मग तुम्हाला दुसरं काम दिसत नाही," म्हणाले, पण माझ्याकडे खुर्ची वळवून बसले.

मी तुझं नाव काढलं नाही. देवाशपथ. नुसतं म्हटलं, भाऊ जातो तो प्रसंग असा कसा सुचला तुम्हाला? तर ते म्हणाले, "मला सुचलाच नाही. मास्तरांनाही नाही. त्यांच्याकडे एक मुलगी होती. फारशी बोलायची नाही. तिने केलं."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, ती माझी मैत्रीण.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. नंतर बोलायला लागले, ते मी घरी येऊन जसंच्या तसं उतरवून काढलं. वाच.

"सिनेमा चार दिवस होता, मी चारही दिवस गेलो. पहिल्या दिवशी भांडण करायचं म्हणून गेलो. माझ्या शॉटची यादी होती हातात, कुठे कुठे कापलंय त्यावर खूण करायची होती. अंधारात पेन्सिल धरून बसलो. भाषण गेलंय ते दिसलं. बाकीचे सांधे मला सापडले नाहीत. माझा सिनेमा, मी लिहिलेला, मी काढलेला, आणि सांधा कुठे आहे ते मला दिसेना. बहिणीला मी घर सोडताना काय बोललो ते मला सगळं पाठ होतं. ती ऐकताना कशी दिसत होती ते आठवत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. चौकात उभा राहून भाषण द्यावं तसा बोललो होतो. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी थिएटरात मी तिला पहिल्यांदा ऐकताना पाहिलं."

मी विचारलं, "आणि ती टोपली?"

"घरी नेऊन सगळं पुन्हा जोडलं. नऊ मिनिटं. बघवेना. नऊ मिनिटं मीच मी होतो."

"मग तिला हे सांगितलं का नाही?"

"महिन्याने गेलो होतो सांगायला. मास्तर म्हणाले, लग्न होऊन गेली, सुखात आहे, कशाला त्रास देता."

"तिचं लग्न कधीच झालं नाही."

ते हसले. "मास्तर कुणालाही कटवायचं असलं की हेच सांगायचे. मला तेव्हा कळायला हवं होतं." आणि मग म्हणाले, "मी टोपली उचलली तेव्हा मला बोलता येत नव्हतं. रडू येईल म्हणून बोललो नाही. तिला वाटलं असेल मी रागावलो."

मी म्हटलं, "हो. एक्केचाळीस वर्षं वाटतंय."

घुमे, त्यावर ते उठले, काठी घेतली, दारापर्यंत गेले, परत आले आणि मला म्हणाले, "त्यांना येता येईल का?"

वाचनालयात १४ जूनला तीन वाजता सिनेमा आहे. रविवार आहे. मोठा पडदा आहे, खुर्च्या साठ.

आता रागव.

टकळी

३० मे

टकळे,

तू मला न विचारता गेलीस. मला ते आवडलेलं नाही आणि हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे तुला म्हणता येणार नाही की मी काही बोलले नव्हते.

पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. काल छापखान्यात एकाच पानावर तीन तास बसले. मालकांनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी घरी निघून आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

एक सांग, आणि खरं सांग. तुला पदरचं घालायची सवय आहे. "सांधे सापडले नाहीत" हे त्यांचे शब्द आहेत की तुझे?

बस किती वाजता असते?

घुमी

२ जून

घुमे,

त्यांचे. माझ्या पदरचा एकही नाही. "सापडले नाहीत" असंच म्हणाले, आणि म्हणताना बोटं अशी हवेत फिरवली, जशी तू कागदाची कड तपासताना फिरवतेस.

सकाळी सातची बस घे, अकराला पोचतेस. मी स्टॅंडवर असेन. निळा रेनकोट. नाही ओळखलंस तर आवाज ऐकू येईलच.

टकळी

१७ जून

प्रिय टकळे,

घरी सुखरूप पोचले. तुझ्या सुनेने दिलेला डबा धुऊन ठेवला आहे. मुलगी गुणी आहे, तिला सांग.

रविवारी मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू वाट बघत होतीस ते मला कळत होतं. तिथे सगळ्यांसमोर जमलं नाही, म्हणून आज लिहिते.

तुझ्या आणि दिग्दर्शकांच्या मधल्या खुर्चीत बसायला मला संकोच वाटत होता. ते आले, हात जोडले, मीही जोडले, आणि दिवे गेले. बरं झालं गेले. एकेक सांधा मला अजून ठाऊक आहे. मी ठरवून आले होते की सगळे बघायचे, कुठे चुकले ते एकदाचं नीट बघून घ्यायचं. पहिली वीस मिनिटं तशी बघितली. दोन ठिकाणी घाई झाली आहे. एके ठिकाणी बोट निघते तो तुकडा मी आज आणखी थोडा ठेवला असता. मग ती खिडकी उघडून बसली आणि भाऊ बोलायला लागला. पुढच्या रांगेत एक मुलगी होती, केस मागे बांधलेली. ती हळूच पुढे झुकली आणि हनुवटी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून बघत राहिली. तिच्या शेजारचा काहीतरी कुजबुजला तर तिने त्याला हाताने गप्प केलं. त्यानंतर मला सांध्यांचं भान राहिलं नाही. मी सिनेमा पाहिला. तू मला दर रविवारी विचारायचीस ना, कसा वाटला? चांगला आहे, टकळे. संथ आहे, पण चांगला आहे. त्या नटीने फार सुंदर काम केलंय, जे तिला माहीत नव्हतं तेसुद्धा.

नंतर ग्रंथपालबाईंनी सगळ्यांना सांगितलं की संकलन मी केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू सगळ्यात जोरात वाजवल्यास. ते माझ्या डोक्यावरून गेलं. मला आठवतं ते त्याच्या पुढचं.

तू रेनकोट आणायला आत गेलीस तेव्हा आम्ही दोघं पायऱ्यांवर उभे होतो. मी त्यांना दिव्याचं सांगितलं, की ती बाई छताकडे का बघते. ते त्यांना ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की त्यांनी कधीतरी तिला तसं बघायला सांगितलं असेल. पोट धरून हसले. मला वाटलं आता टोपलीचं बोलतील. तुला सांगितलं ते मलाही सांगतील. त्यांनी ते काढलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या चार दिवसांत तुला कुणी जेवायला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "मास्तरांच्या बायकोने डबा पाठवला होता. मला जात नव्हतं."

"तेव्हा तुझं वय काय होतं?"

"चोवीस."

ते काठी टेकवून माझ्याकडे वळले. म्हणाले, "चोवीस? मला तू फार मोठी वाटायचीस. मोठी, शांत, सगळं कळणारी बाई. मी लहान पोरीला त्या खोलीत एकटं टाकून निघून गेलो."

एवढ्यात तू आलीस आणि बस चुकेल म्हणून आरडाओरडा केलास.

चार तास बसमध्ये मी तेच घोळवत होते. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का तुमचं. मी नाही म्हटलं. मग सांगितलं, माझ्या ओळखीची एक मुलगी होती, चोवीस वर्षांची, तिला आज फार दिवसांनी बघितलं. अगदीच पोर होती. एवढ्या पोरीला कुणी एवढं ओझं उचलायला सांगतं का, मला तेव्हा कुणी हे विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तुझी,
घुमी